पैनगंगेच्या अलीकडे आणि पलीकडे

जुनी देवळं बघायची म्हटलं की लोक वेरूळला जातात, फार तर सिन्नरच्या गोंदेश्वराला किंवा अंबरनाथला. हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावात मुक्काम टाकावा आणि तिथून देवळं हिंडावीत, असं कुणाच्या मनातही येत नाही. मला मात्र या कामाला याहून सोयीचं ठिकाण सुचत नाही. उत्तरेला जाऊन पैनगंगा ओलांडली की रिसोड, शिरपूर, लोणार, मेहकर. दक्षिणेला उतरलं की कयाधूच्या काठचं नर्सी, मग औंढा, जिंतूर, चारठाणा. सकाळी निघावं, एक दिशा धरावी आणि दिवेलागणीला परत यावं. दोन्ही अंगांना बाराव्या-तेराव्या शतकातलं काळ्या दगडाचं काम आहे. बहुतेक ठिकाणी तिकीट नाही, वाटाड्या नाही आणि आपल्याला हटकणारंही कुणी नाही.

ही देवळं उभी राहिली तेव्हा पैनगंगा कुठल्या राज्याची सीमा नव्हती. दोन्ही तीर देवगिरीच्या यादवांचे होते, त्याआधी कल्याणीच्या चालुक्यांचे. सीमा आली ती एकोणिसाव्या शतकात. १८५३च्या तहानं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेला आणि अलीकडचा मराठवाडा निजामाकडे राहिला. त्यामुळे एकाच घडणीची देवळं दोन वेगळ्या दप्तरांत नोंदली गेली. पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझेन्सनं मध्य प्रांत आणि वऱ्हाडची यादी १८९७ साली छापली, निजामाच्या मुलखाची १९०० साली. दोन्हीकडचं काम एकत्र मांडणारा त्याचा दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवरचा ग्रंथ निघायला १९३१ साल उजाडलं. हैदराबाद संस्थानानं स्वतःचं पुरातत्त्व खातं १९१४ साली काढलं आणि गुलाम याझदानींच्या हाती दिलं. पण त्यांची बरीच शक्ती अजिंठा, वेरूळ आणि बीदरवर खर्च झाली, आणि ते साहजिकच होतं. आडगावच्या महादेवांच्या वाट्याला यादीतल्या दोन ओळी आल्या. नीट अभ्यास स्वातंत्र्यानंतर झाला. ओ. पी. वर्मा यांनी १९७३ साली हेमाडपंती देवळांचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं आणि पुढच्याच वर्षी गो. बं. देगलूरकरांचा महाराष्ट्रातल्या मंदिरस्थापत्यावरचा ग्रंथ आला.

हेमाडपंती म्हटल्यावर कालगणनेची एक गफलत दूर करू. हेमाद्री पंडित हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा करणाधिप (राजदप्तराचा प्रमुख), म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला माणूस. अंबरनाथच्या देवळातला लेख शके ९८२ चा आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे हे झालं १०६०. अकोला जिल्ह्यात बार्शीटाकळीच्या देवळावरचा लेख शके १०९८ चा, म्हणजे ११७६ च्या सुमाराचा. हेमाद्री तेव्हा जन्मालाही आला नव्हता. चुन्याशिवाय दगडावर दगड बसवायची रीत त्याच्या कितीतरी आधीपासून चालत आली होती; ती त्याच्या नावावर जमा झाली एवढंच. गावात मात्र याची दुरुस्ती करत बसू नये. गुरव कौतुकानं ‘हेमाडपंथी हाय’ म्हणतो तेव्हा त्याला सांगायचं असतं की देऊळ फार जुनं आहे, आणि ते खरंच असतं.

चुना नाही, मग देऊळ उभं कशाच्या जोरावर राहतं? वजनाच्या. एका दगडात खाच, दुसऱ्यात तिला बसणारी कूस, काही सांध्यांत लोखंडी पट्ट्या, आणि बाकी सारा भार वरून खाली सरळ उतरलेला. या पद्धतीत कमान नाही. खांबावर तुळई, तुळईवर छत. दगड दाबाला खंबीर असतो, पण वाकवलं की तडकतो. त्यामुळे दगडी तुळई फार लांब टाकता येत नाही आणि खांब जवळजवळ उभे करावे लागतात. सभामंडप गच्च वाटतो, गाभाऱ्यात अंधार असतो, त्यामागे निम्मं कारण हे आहे. मधला चौक झाकायचा तर चारी कोपऱ्यांवर आडवे दगड टाकून चौकोन लहान करत न्यायचा, किंवा एकेक थर थोडा पुढे काढत वर्तुळं आवळत आणायची आणि शेवटचं भोक एका कोरीव दगडानं बंद करायचं. जालना जिल्ह्यात अन्व्याच्या मढात हे गोल छत बघायला मिळतं. मंडपात शिरताच पहिल्यांदा वर बघावं. बहुतेक लोक समोर देवाकडे बघतात आणि हात जोडून बाहेर पडतात.

मग बाहेर यावं आणि भिंत खालून वर वाचावी. तळाशी जोतं, त्यावर बारीक पट्ट्यांचे थर. कुठे कीर्तिमुखांची रांग, कुठे हत्तींचा गजथर, कुठे माणसांचा नरथर. त्यावर मुख्य भिंत, जिला जाणकार जंघा म्हणतात. देव, दिक्पाल, सुरसुंदऱ्या सगळ्या तिच्यावर. तिन्ही बाजूंना मधोमध एकेक मोठा कोनाडा असतो, तो देवकोष्ठ. देऊळ मुळात कुणाचं, हे त्या तीन कोनाड्यांवरून बरंचसं कळतं. दुसरी खूण दाराच्या चौकटीवर, कपाळपट्टीच्या मध्यावर. तिथे गणपती असेल तर फारसा अर्थ काढू नये, तो बहुतेक ठिकाणी असतो. पण आत पिंडी आणि वर गरुड दिसला, तर मधल्या काळात आतला देव बदलला असणार. तिसरी खूण अभिषेकाचं पाणी बाहेर काढणारी पन्हळ. पूर्वाभिमुख देवळात ती उत्तरेच्या भिंतीला असते आणि तिचं तोंड पुष्कळदा मगरीचं असतं.

विष्णूच्या मूर्तीपाशी थोडा जास्त वेळ द्यावा, कारण तिथे एक सुंदर हिशेब आहे. चार हातांत चार आयुधं: शंख, चक्र, गदा, पद्म. त्यांची अदलाबदल चोवीस प्रकारे होऊ शकते आणि प्रत्येक प्रकाराला एक नाव आहे, संध्येतली तीच चोवीस नावं. उजव्या खालच्या हातापासून सुरुवात करून वर जायचं आणि डाव्या बाजूनं खाली उतरायचं. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम आला तर तो केशव. पद्म, गदा, चक्र, शंख आला तर त्रिविक्रम. हातांचा हा क्रम एकदा अंगवळणी पडला की मूर्तीखाली नावाची पाटी लागत नाही.

पाटी अर्थात नसतेच. संरक्षित स्मारकाचा निळा फलक असतो. नासधूस केली तर शिक्षा काय, हे त्यावर लिहिलेलं असतं; देऊळ कुठल्या शतकातलं, हे नसतं. इथे मला इंग्लंडच्या खेड्यांतल्या जुन्या चर्चचा हेवा वाटतो. तिथेही बाराव्या-तेराव्या शतकातल्या हजारो इमारती खेडोपाडी विखुरलेल्या आहेत. पण दाराशी बहुधा एक छापील पत्रक ठेवलेलं असतं आणि येणाऱ्यासाठी अभिप्रायाची वही. शिवाय निकोलाउस पेव्ह्सनर नावाच्या जर्मनीतून आलेल्या अभ्यासकानं १९५१ ते १९७४ या काळात त्या देशातल्या इमारतींची ४६ खंडांत परगणावार नोंद पुरी केली, तिच्यात खेड्यातलं चर्चही सुटलं नाही. जुनी चर्चं बघत हिंडणारे लोक अजून ते खंड बरोबर घेऊन जातात. मराठवाड्याच्या एका जिल्ह्याचा तरी असा खंड झोळीत टाकून निघता आलं तर काय बहार होईल!

पण हेवा एका मर्यादेपर्यंतच. तिकडची अडचण वेगळी आहे. प्रार्थनेला माणसं उरली नाहीत म्हणून चर्चं बंद पडतात. अशा इमारती सांभाळायला १९६९ साली एक निधी उभारावा लागला आणि आज त्याच्याकडे साडेतीनशेहून जास्त चर्चं आहेत. आपल्याकडे अर्धं कोसळलेलं, शिखर गेलेलं, मूर्ती फुटलेलं देऊळसुद्धा बंद पडत नाही. सोमवारी कुणीतरी बेल वाहून जातं, श्रावणात सप्ताह बसतो, महाशिवरात्रीला जत्रा भरते. वापर चालू म्हणून देऊळ टिकतं आणि वापर चालू म्हणूनच ते बदलत जातं. कुणी पत्र्याचा मंडप जोडतो, कुणी गाभाऱ्यात फरशी बसवतो. इथे देवळं बघायची म्हणजे हे थर ओळखायला शिकायचं.

त्याचा पहिला धडा औंढा नागनाथला मिळतो. गोरेगावहून दक्षिणेला निघालं की वाटेत नर्सी लागते, संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून परंपरा सांगते ते. गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांची पदं असल्यामुळे इथे शीख यात्रेकरूही येतात. पुढे औंढ्याला नामदेवांना त्यांचे गुरू विसोबा खेचर भेटले ती कथा. आणि नामदेवांना कीर्तनासाठी देवळाच्या मागे पिटाळलं तेव्हा देऊळच फिरलं, ही दुसरी. नंदी समोर नसून मागे आहे तो त्यामुळेच, असं सांगतात. बारा ज्योतिर्लिंगांतला नागेश आपलाच, असं औंढा, द्वारका आणि अल्मोड्याचं जागेश्वर अशा तिन्ही ठिकाणी म्हटलं जातं. तो वाद भाविकांनी आणि पंचांगकर्त्यांनी बघावा.

आपण दर्शनाच्या रांगेत शिरण्याआधी देवळाला बाहेरून एक प्रदक्षिणा घालू. खालचा सगळा भाग काळ्या दगडाचा आणि इतका भरगच्च कोरलेला की डोळा ठरत नाही. हत्तींची रांग, कैलास हलवणारा रावण, सारीपाट मांडून बसलेले शिव-पार्वती. यांतल्या कितीतरी चेहऱ्यांची नाकं गेलेली आहेत. आता मान वर करा. एका रेषेवर काळा दगड संपतो आणि विटा-चुन्याचं पांढरं शिखर सुरू होतं. खालचं काम यादवकाळातलं, वरचं कित्येक शतकांनंतरचं. औरंगजेबाच्या स्वारीत देऊळ पाडलं गेलं आणि वरचा भाग अहिल्याबाई होळकरांनी बांधला, असं परंपरा सांगते. वरच्या कारागिरानं खालच्याची नक्कल केलेली नाही. त्याच्याकडे त्याच्या काळचं सामान होतं, त्याच्या काळचं कसब होतं. मोडलेल्या देवळाला त्यानं डोकं परत दिलं. पुष्कळ अभ्यासकांना हा पांढरा भाग खटकतो. मला तो आवडतो. देवळाच्या आयुष्यात काय घडलं ते इतक्या सरळपणे सांगणारी दुसरी रेषा या भागात नाही.

गाभारा मात्र वेगळाच. सभामंडपातून अंग चोरून, अरुंद पायऱ्यांनी खाली उतरायचं आणि वाकून पिंडीशी बसायचं. जाडजूड माणसाची तिथे परीक्षाच होते. अंबरनाथलाही गाभारा असाच पायऱ्यांनी खाली आहे. शिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी इथे उतरायचा हट्ट धरू नये.

औंढ्यात विटा दिसल्या आणि त्या नंतरच्या निघाल्या. म्हणून ‘वीट दिसली की दुरुस्ती’ असं सूत्र बांधलंत तर परभणी जिल्ह्यात गंगाखेड तालुक्यातलं धारासूर तुम्हाला फसवेल. गोदावरीकाठच्या तिथल्या गुप्तेश्वराच्या देवळात खाली उंच जोत्यावर दगडी काम आहे, भिंतीवर देखण्या सुरसुंदऱ्या आहेत, आणि वरचं शिखर विटांचं आहे. तेही मूळचंच. वीट दगडापेक्षा हलकी. उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या आणि पावसात फुगणाऱ्या काळ्या मातीवर उंच शिखर चढवायचं तर वजन कमी ठेवण्यात शहाणपण होतं. मग मूळची वीट आणि नंतरची वीट ओळखायची कशी? खालच्या भिंतीचे कोन वर चालू राहतात का, ते बघावं. भिंत जिथे पुढे आली तिथे शिखरही पुढे येत असेल, आणि ती घडी थेट वरपर्यंत जात असेल, तर दोन्ही एकाच आराखड्यातलं. औंढ्याला ती घडी काळ्या-पांढऱ्या रेषेवर तुटते.

चारठाण्याला एकाच गावात विखुरलेली देवळं, उंच स्तंभ आणि बारव असा सगळा संसार आहे. बारवेत उतरायला विसरू नये. देवळापेक्षा बारवेत नंतरच्यांचे हात कमी लागलेले असतात, त्यामुळे दगडाची मूळ बांधणी तिथे उघडी दिसते. देवळाच्या आवारात ओळीनं टेकवून ठेवलेल्या शिळाही बघाव्यात. तीन कप्प्यांची असेल तर वीरगळ: खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला वर नेतायत, त्यावर तो पिंडीसमोर हात जोडून बसलेला, माथ्यावर चंद्र-सूर्य. खालच्या कप्प्यात गाई कोरल्या असतील तर तो गुरं पळवणाऱ्यांशी लढताना पडला. बांगड्या भरलेला, कोपरात वाकवलेला हात दिसला तर सतीशिळा. गावकरी पुष्कळदा दोन्हींना शेंदूर लावून मोकळे होतात आणि त्यांचे मारुती-म्हसोबा करतात.

शेंदराचं मला फारसं दुःख नाही. दुःख तैलरंगाचं आहे. देणगीचे पैसे जमले की पहिला ठराव रंगाचा होतो. खांब गुलाबी, कीर्तिमुखं पोपटी, द्वारपालांना मिशा. मग पाच-दहा वर्षांनी कुणी जागं होतं आणि तो रंग काढायला वाळूचा फवारा किंवा आम्ल आणतं. त्यानं रंगाबरोबर कोरीव कामाची धारही जाते. हे दुसरं नुकसान पहिल्यापेक्षा मोठं, कारण रंगाखाली नक्षी निदान शाबूत तरी होती. इंग्लंडात सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेत चर्चच्या भिंतींवरची चित्रं चुन्यानं फासून टाकली. त्याच चुन्याखाली त्यांतली कितीतरी वाचली आणि पुढे हळूहळू उघडी करता आली. उलट एकोणिसाव्या शतकात ‘मूळ रूप’ परत आणायच्या उत्साहात वास्तुविशारदांनी भिंती खरवडून काढल्या. त्याविरुद्ध विल्यम मॉरिसनं १८७७ साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. तिचं म्हणणं साधं होतं: गळती थांबवा, ढासळतंय त्याला टेकू द्या, बाकी हात लावू नका. आपल्या जीर्णोद्धार समित्यांच्या पहिल्या बैठकीत हे एवढं वाक्य कुणी वाचून दाखवलं तरी पुष्कळ काम होईल.

आता उत्तरेकडे. रिसोडवरून लोणारला गेलं की लोक थेट सरोवराकडे धावतात. उल्केच्या आघातानं बेसॉल्टमध्ये पडलेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं ते विवर बघण्यासारखं आहेच. २०२० साली त्याला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जाही मिळाला. काठावर आणि उतारावर कमळजादेवीसह डझनभर लहान देवळं आहेत. पण खरं रत्न गावात आहे, दैत्यसूदनाचं देऊळ. त्याची भिंत सरळ न जाता कोनाकोनांनी मोडत तारकेसारखी फिरते. एकेक कोन म्हणजे एकेक उभी सावली; म्हणून सकाळी आठ-नऊच्या तिरप्या उन्हात ही भिंत बघावी. दुपारी बाराला तीच सपाट दिसते, आणि अनवाणी पावलांखाली फरसबंदीही तापलेली असते. आत छतावर शिल्पपट आहेत, टॉर्च हवाच. शिलालेख वाचतानाही तोच उपयोगी पडतो: उजेड समोरून न टाकता भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूनं टाकला की झिजलेली अक्षरं उठून येतात. खडू किंवा पीठ चोळून अक्षरं उठवायची खोड काही हौशी मंडळींना असते. त्यानं दगडाच्या रंध्रांत घाण बसते. आणखी एक सूचना, गंमत नाही म्हणून सांगतो. छज्ज्याखाली आग्या मोहोळ लटकलेलं दिसलं तर धूर, अत्तर, आरडाओरडा यांतलं काहीही न करता आल्या पावली मागे फिरावं.

वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूरला जैनांचा अंतरिक्ष पार्श्वनाथ आहे. मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, अशी श्रद्धा. दिगंबर आणि श्वेतांबर यांच्यातला पूजेच्या हक्काचा खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन आला होता. पुढे १९८१ साली गाभाऱ्याला कुलूप लागलं आणि ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ साली निघालं. स्थापत्य बघायचं तर गावाबाहेरचं पवळी मंदिर गाठावं. दर्शनाची गर्दी दुसरीकडे वळल्यामुळे त्याच्या काळ्या दगडी भिंतीपाशी निवांत उभं राहता येतं.

शेवटी मेहकर, पैनगंगेच्याच काठचं, वरच्या अंगाचं. इथे १८८८ साली जमिनीतून शार्ङ्गधर बालाजीची भव्य मूर्ती निघाली. साहेबांना ती विलायतेला न्यायची होती, पण गावानं घाईनं प्रतिष्ठापना करून टाकली, अशी हकिकत मेहकरकर अजून रंगवून सांगतात. बालाजीचं दर्शन घेऊन लोक परततात आणि गावातली जुनी धर्मशाळा बघायची राहून जाते. मधे चौक, भोवती खांबांच्या ओळी. देव नाही, गाभारा नाही, शिखर नाही. त्या काळची देवळाखेरीजची इमारत अशी उभी सापडणं फार दुर्मीळ. खांब तेच, तुळया त्याच, बिनचुन्याचे सांधेही तेच. यादवांच्या राज्यात वाटसरूला रात्री पाठ टेकायला जी ओसरी मिळायची, ती बांधण्याची रीत देवळाच्या सभामंडपाहून वेगळी नव्हती, हे इथे प्रत्यक्ष दिसतं. देवळं बघून झाल्यावर ही धर्मशाळा बघावी, म्हणजे इतका वेळ आपण देवळाची म्हणून जी वैशिष्ट्यं टिपत होतो त्यातली किती देवळाची आणि किती नुसती त्या काळच्या दगडकामाची, याची वजाबाकी करता येते.